आधी वकील, मग चावडी

अक्का,

तुझं तेरावं काल पार पडलं. पाहुणे पांगले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला पोचली, आणि आज सकाळी शाळेत हजेरी घेताना एकाएकी ध्यानात आलं की तुला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. तशी आपली बोलणी काय कमी झाली? दहा वर्षं तू माझ्या घरात होतीस आणि दहा वर्षांत एक दिवस आपण भांडल्याशिवाय घास गिळला नाही. भाजीतल्या मिठापासून नव्या होऊ घातलेल्या राज्यापर्यंत सगळ्यावर भांडलो. फक्त दाजींच्या त्या कागदाविषयी मी तुझ्यापाशी कधी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि तू आपली निघून गेलीस.

गेलीस तीही किती नीट. दुपारी अंगणात सुपात तूर पाखडत होतीस. तुझ्या भावजयीला म्हणालीस, "जरा टेकते गं," आणि भिंतीला पाठ लावून बसलीस ती बसलीसच. ना दवाखाना, ना अंथरूण, ना कुणाच्या हाताकडं बघणं. आलेला प्रत्येक माणूस रडायचा आणि जाता जाता म्हणायचा, मरण यावं तर असं. पहिले दोन दिवस मला त्या बोलण्याचा राग आला. आता येत नाही. उलट खरं सांगू? मला मोकळं वाटतंय. का, ते शेवटी सांगतो. तुला कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी विचारायची खोड होती, पण आज तुझं काही चालायचं नाही.

केरबाच्या गंजीपासून सुरुवात करू. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाची शाळा जाऊन आपली मराठी शाळा आली होती आणि मी तिच्यात मास्तर होतो. केरबाचं रान आपल्या रानाला लागून. त्या साली त्यानं नांगरताना बांध हातभर कोरला, आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फार लागत नाही, हे गाव जाणून आहे. पारापाशी पाच-पंचवीस माणसांसमोर मी ओरडलो, "तुझी गंजी पेटवून देईन, मग कळेल बांध कोरायचं!"

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, केरबाची कडब्याची गंजी पेटली. वर्षभराचा चारा तासाभरात राख झाला.

मी त्या दिवशी ताडकळसच्या बाजारात होतो, नालबंदाकडून तांबड्या बैलाच्या खुरांना पत्र्या मारून घ्यायला. दिवस बुडायच्या आधी परत आलो तर गावाच्या तोंडाशीच माणसं उभी, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी गंजी जाळली नाही हे मला ठाऊक होतं. पण जाळीन म्हणालो होतो, हेही ठाऊक होतं. त्या दोन गोष्टींतला फरक दुसऱ्याला कसा समजावून सांगायचा, ते मात्र मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या या मास्तराला सुचेना.

केरबानं फिर्याद दिली. जमादार येऊन गेला. मग आपले पोलीसपाटील घरी आले, तुझ्या हातचा चहा प्याले आणि त्यांनी गावाची नेहमीची वाट दाखवली. चावडीत यायचं, पागोटं काढून फिर्यादीच्या पायाशी ठेवायचं, चुकलो म्हणायचं. पटवारी माफीनामा लिहील, आपण सही करायची, नारळ फोडायचा, गूळ वाटायचा, की झालं. किती भांडणं अशी मिटलेली आपण लहानपणापासून पाहिली! आपल्याकडं ज्याची चूक नाही तोही माफी मागतो. दोन पाहुणे वाटेत एकमेकाला धडकले तर दोघंही हात जोडतात, तसंच ते.

"मास्तर, तुमी शिकलेले मानूस," पाटील म्हणाले. "दोन वळी लिहून दिल्यानं काय झिजायलंय तुमचं? म्या जमादाराला सांगतो, गावानं मिटविलं म्हनून."

मी हो म्हणून टाकलं. खरंच सांगतो, मला ते फार शहाणपणाचं वाटलं. बोललो होतो, त्याची लाज वाटत होती. नोकरी सरकारी होती, तुझ्या भावजयीच्या पोटात धाकटा वाढत होता, आणि तुरुंगाचं नावही मला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत जायचं ठरलं.

तू चुलीपाशी बसून सगळं ऐकत होतीस. तू भाकरी थापत राहिलीस. मला वाटलं, बरं झालं, म्हातारीला पटलं.

सकाळी आंघोळ करून बघतो तर दांडीवर धोतर नाही. पेटीत नाही. अंगणात तू मोठ्या घंगाळात माझी झाडून सगळी धोतरं बुचकळत बसलेली.

"अक्का, हे काय करायलीस?"

"दिसत न्हाई का? धोतरं धुवायले."

"समदी? आन आत्ता? चावडीत वाट बघायलेत माझी!"

"बघू दे की. ओलं नेसून जातूस का? जा. लोक म्हनतील, मास्तर भेवून मुतला."

मी जे काही बोललो ते इथं लिहीत नाही. पंचा गुंडाळून अंगणात थयथयाट केला. तू शांतपणे धोतर पिळत राहिलीस. मग पाटलाचा निरोप आला, तर निरोप्याला तूच सांगितलंस, मास्तराचं पोट बिघडलंय, आज येणं जमायचं नाही. खोटं बोललीस ते बोललीस, वर माझ्या पोटाची गावभर बदनामी केलीस.

निरोप्या वळला आणि तू हात पुसून घरात गेलीस. तुझी ती पत्र्याची ट्रंक उघडलीस आणि घडी केलेलं एक धोतर आणून माझ्या पुढ्यात ठेवलंस. दाजींचं. ते गेल्यापासून तू कुणाला हात लावू दिला नव्हतास त्या धोतराला.

"हे नेस. परभनीची मोटार गाठायची हाय. आधी वकिलाकडं जायचं, मंग चावडीकडं."

"अगं, पण मी जाळलीच न्हाई गंजी! वकिलाकडं तर गुन्हेगार जातेत. गाव काय म्हनंल?"

"जाळली न्हाईस, मंग माफी कशाची मागायलास?"

"बोललो होतो ना."

"मंग बोलल्याची माग! जाळल्याची कशाला मागतूस? तुझे दाजी बी असंच भल्यापनानं..." एवढं म्हणालीस आणि थांबलीस.

मी निमूट ते धोतर नेसलो. कारण पुढचं वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दाजींचं काय झालं ते गावाला थोडंबहुत ठाऊक आहे. निजामाचे दिवस होते. तुझं सासर राणीसावरगावच्या बाजूला. तिथला कोंडवाडा कुणीतरी फोडला आणि अडकवलेली जनावरं सोडून दिली. त्या जनावरांत दाजींचा एक गोऱ्हा होता, म्हणून संशय दाजींवर. अमीनसाहेबानं, म्हणजे तिथल्या फौजदारानं, ठाण्यावर बोलावलं. दाजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि कागद उर्दूत. म्हणून सोबत मला नेलं. मी एकोणीस वर्षांचा, नुकतीच उर्दूतून परीक्षा पास झालेला. अमीनानं मला समोर खुर्ची दिली आणि म्हणाला, "मियाँ, तुम तो पढ़े-लिखे हो, पढ़कर सुना दो." अक्का, त्या खुर्चीवर बसल्यावर माझी छाती इतकी फुगली की काय सांगू. आपल्या घरातला कुणीही तोवर अमीनासमोर खुर्चीत बसला नव्हता.

मी कागद वाचून दाखवला. गोऱ्हा माझा होता, चूक झाली, सरकारनं माफ करावं, अशा चार ओळी. पाचवी ओळ होती की चौकीदारानं अडवलं तेव्हा त्याला मी काठीनं मारलं. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली, आणि तोंडानं वाचली नाही. मनात म्हटलं, दाजी उगाच घाबरतील. अमीन तर म्हणतोय की अंगठा दिला की संध्याकाळच्या आत घरी. मी दाजींना म्हणालो, "माफीच हाय नुसती, द्या अंगठा." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दिला.

दीड वर्ष सजा. परत आले ते खोकला घेऊन आले, आणि सहा महिन्यांत गेले. गावाला ठाऊक होतं की दाजींनी उर्दू कागदावर अंगठा दिला. तो वाचणारा कोण होता, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच.

म्हणून त्या दिवशी मोटारीत तुझ्या शेजारी, त्यांच्याच धोतरात बसून, मी जिंतूरच्या कापसापासून हवापाण्यापर्यंत वाटेल ते बडबडत होतो. तू खिडकीबाहेर बघत होतीस. तुला वाटलं असेल, हा गुन्ह्याला घाबरलाय.

परभणीत तू कुणाला विचारत विचारत कासमसाहेब वकिलांच्या दारात नेऊन मला उभं केलंस. ते निजामाच्या काळापासून वकिली करणारे. टेबलावर उर्दूचे जुने ग्रंथ आणि इंग्रजीचे नवे, असा दोन राज्यांचा पसारा. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "पहिलं हे सांगा, कशावर सही केली? कुणापुढं काय कबूल केलं?"

माझ्या आधी तू बोललीस. "कशावरच न्हाई, साहेब. म्या करू दिली न्हाई."

"कशी काय करू दिली नाही?"

"धोतरं भिजवून ठेवली."

वकीलसाहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "बाई, आठ-पंधरा दिवसांनी, सही करून झाल्यावर येणारी माणसंच मी जन्मभर बघत आलोय. अर्धं काम तुम्हीच केलंत." मग माझ्याकडं वळून त्यांनी समजावलं. पंचांपुढं लिहून दिलेला माफीनामा उद्या कोर्टात कबुली म्हणून पुढं येतो. गाव गूळ खाऊन घरी जातं, कागद मात्र जमादाराच्या खिशात राहतो. आजपासून या विषयावर केरबाशी नाही, पाटलाशी नाही, पारावर तर मुळीच बोलायचं नाही. बोलावणं आलं की लपायचं नाही, मला सोबत घेऊन जायचं. "आणि मास्तर," ते म्हणाले, "रागात बोललात ते नाकारू नका. खरं आहे तेवढं खरंच सांगायचं. फक्त त्याच्या पुढं एक शब्द जास्त नाही."

मग त्यांनी मला त्या दुपारचं सगळं विचारलं. कुठं होतो, कुणी पाहिलं, किती वेळ. नालबंदाचं नाव निघताच ताडकन म्हणाले, "तर मग इथं काय बसलात? आधी त्याला गाठा. त्याला काही शिकवू नका. आठवतं का, एवढंच विचारा."

आपण तसेच ताडकळसला गेलो. नालबंद सामान बांधून जिंतूरच्या बाजारांकडं निघालेला. तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा, पुन्हा केव्हा आला असता देव जाणे. मी विचारलं, मला ओळखलं का?

"तुमाला न्हाई," तो म्हणाला. "बैलाला वळखलं असतं. तांबडा न्हवं का? लय वंगाळ जनावर. त्यानं माझी खिळ्याची पेटी लाथंनं उडविली. दुपारभर आपन दोघं धुळीतून खिळे येचत हुतो, तेच ना तुमी?"

तांबड्याच्या त्या लाथेसाठी मी घरी जाऊन त्याला पेंड घातली. नालबंद भला माणूस. एक दिवस थांबला, वकीलसाहेबांसोबत ठाण्यावर येऊन जबानी देऊन गेला. महिनाभरानं त्याला विचारलं असतं तर त्याला बैलही आठवला नसता आणि दिवसही नाही. मला जामीन त्याच दिवशी मिळाला. एक रात्रही कोठडीत काढावी लागली नाही, त्यामुळं नोकरीही राहिली. खटला चालला, तीन तारखा झाल्या, चौथ्या तारखेला मुन्सिफसाहेबांनी मला सोडलं. तू कोर्टाच्या ओट्यावर बसून भाकरी खात होतीस. मी धावत येऊन सांगितलं, "अक्का, सुटलो!" तू म्हणालीस, "ठेचा घे." एवढंच.

गंजी कशी पेटली ते आजतागायत कळलेलं नाही. केरबा नंतर सहा महिने माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस चहाला आला. बांधही सरळ करून दिला त्यानं. त्या दिवशी तुला खांदा देणाऱ्यांत तो पुढं होता, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडला.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, माफी मागितली असती तरी गावानं मला सांभाळलं असतं, सहा महिन्यांचा अबोला तरी वाचला असता. तू म्हणायचीस, "गावाला कुठं जेलात जायचं हुतं?" मी तुला वकिलीणबाई म्हणून चिडवायचो. पण पुढं पंचक्रोशीत कुणाच्या घरी पोलीस येऊन गेला की त्या घरची बाई आधी तुझ्याकडं यायची, आणि तू चुलीवरचं तसंच टाकून तिला परभणीच्या मोटारीत बसवायचीस. काही जण खरंच गुन्हेगार होते. मी म्हणायचो, अशालाही कशाला? तू म्हणायचीस, "त्येनं जेवढं केलं तेवढंच त्येच्या नावावर लागावं, वरचं न्हाई." मग मी नुसता आवाज चढवायचो. आज लिहून देतो, अक्का, तुझंच खरं होतं. ते भांडण तू जिंकलीस.

आता शेवट. काल पंगत उठत आली तेव्हा दारात टांगा थांबला आणि कासमसाहेब उतरले. फार थकलेत. काठी टेकत आले, तुझ्या फोटोपुढं दोन मिनिटं उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या बहिणीनं एक गोष्ट मला सांगून ठेवली होती. तुम्हाला कधीच कळू देऊ नका म्हणाली होती. पण आता ती गेली, आणि माझंही काही खरं नाही. वकिलानं अशिलाची गोष्ट फोडू नये. आज फोडतो."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं होतं. मी विसरूनही गेलो होतो. तेवढ्या वेळात तू त्यांना म्हणाली होतीस, "साहेब, माझ्या नवऱ्याचा कागद ह्येनंच वाचून दिल्ता. एक वळ गाळली त्येनं. कोर्टात कागद वाचला तवा मालकाला कळलं. घरी आल्यावर मला सांगितलं, आन शपथ घातली, दत्ताला बोलू नगंस, पोरगं शिकायचं सोडून देईल. त्येला वाटतंय मला ठाव न्हाई. आता त्यो सोताच अंगठा द्यायला निघालाय, मालकाची फेड करायला निघाल्यागत. साहेब, मालक तर गेले. ह्येला तेवढा सोडवा."

मी तिथंच खाली बसलो. पाहुण्यांना वाटलं भोवळ आली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला. आणि मी रडत होतो खरा, पण अक्का, कित्येक वर्षांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला. तुला ठाऊक होतं. दाजींना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी माझी शाळा वाचवली, आणि ठाऊक असून तू मला दहा वर्षं गरम भाकरी वाढलीस, माझ्या चिडण्याला हसलीस, त्यांचं धोतर मला नेसवलंस. मी एवढा जीव मुठीत धरून जे लपवत होतो, ते जन्मठेपेसारखं मी एकटाच भोगत होतो. तुम्ही दोघांनी तर मला केव्हाच सोडून दिलं होतं.

सही करायच्या आधी वकिलाला विचारावं, ही तुझी शिकवण. आज ती एकदाच मोडतो. कुणाला विचारलेलं नाही, कुणी जबरदस्ती केलेली नाही, शुद्धीवर राहून लिहून देतो: पाचवी ओळ मला दिसली होती, अक्का. ती मी गाळली. मला माफ कर.

तुझा,
दत्ता